गाठ साधी, पण शिरेत शिरलेली: किडनी राखून ऑपरेशन कसं होतं आणि त्याआधी काय करायचं

भाच्यानं त्याच्या बायकोच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टची शेवटची ओळ मोबाइलवर मोठी करून माझ्यासमोर धरली. उजव्या किडनीत ५.५ सेंटिमीटरची गाठ, आणि तिचा एक फाटा रीनल व्हेनमधून (किडनीच्या मुख्य शिरेतून) आयव्हीसीच्या, म्हणजे पोटातल्या मोठ्या शिरेच्या, तोंडापर्यंत गेलेला. भाचेसून शेजारी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "आत्या, कॅन्सरच आहे ना? खरं सांगा." दुपारी ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, रिपोर्ट वाचला आणि सांगितलं, सोमवारी भरती व्हा, किडनी काढून टाकू, एका किडनीवर माणूस छान जगतो.

एका किडनीवर माणूस जगतो, हे खरंच आहे. पण ही मुलगी ३४ वर्षांची. तिच्या आईला मधुमेह, मामांना डायलिसिस लागलेलं. पुढची चाळीस वर्षं ती एकुलती किडनी काय काय सोसणार होती? शिवाय त्याच रिपोर्टमध्ये, दोन ओळी वर, 'गाठीत चरबी दिसते' असंही लिहिलं होतं. त्या वाक्याकडे कोणी थांबूनच पाहिलं नव्हतं.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये बत्तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच युरॉलॉजीच्या टेबलाशी गेली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी काय करून घ्यावं हे ठरवायचा अधिकार माझा नाही. पण अशी गाठ निघाल्यावर घरच्यांनी कोणत्या क्रमानं काय करायचं, कोणता कागद मागायचा, सही करण्याआधी काय विचारायचं, हे मला नीट ठाऊक आहे. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून आम्ही ही वाट चाललो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी ही गाठ समजून घ्या

या गाठीचं नाव अँजिओमायोलायपोमा. डॉक्टर बोलताना नुसतं 'एएमएल' म्हणतात. रक्तवाहिन्या, गुळगुळीत स्नायू आणि चरबी या तिन्हींची मिळून ती बनते. (रक्ताच्या एका कॅन्सरलाही एएमएलच म्हणतात. त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. इंटरनेटवर ही तीन अक्षरं टाकून रात्रभर रडलेले नातेवाईक मी पाहिले आहेत.) पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती जास्त आढळते, बहुतेक वेळा चाळिशी-साठीच्या दरम्यान, आणि बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. शंभरातल्या साधारण ऐंशी जणांना ती एकटीदुकटी होते. उरलेल्या वीसेक जणांत ती ट्युबरस स्क्लेरोसिस नावाच्या जनुकीय आजारासोबत किंवा फुप्फुसाच्या एका दुर्मिळ आजारासोबत येते.

साधी एएमएल कॅन्सर नसते. तिचा खरा धोका रक्तस्रावाचा. तिच्यातल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्यांना फुगे येतात आणि एखादा फुगा फुटला की किडनीभोवती रक्त साठतं. या अवस्थेला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा आतला फुगा ५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर हा धोका वाढतो, गरोदरपणात आणखी वाढतो.

क्वचित ही गाठ किडनीतल्या शिरेत शिरते. तिथून मुख्य शिरेत, म्हणजे रीनल व्हेनमध्ये, आणि पुढे आयव्हीसीत, म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत जिभेसारखी वाढत जाते. असा पहिला नोंदलेला रुग्ण १९८२ सालचा. उजव्या बाजूला हे अधिक दिसतं, कारण उजवी रीनल व्हेन अगदी आखूड, दोन-चार सेंटिमीटरची. डावी चांगली लांब असते आणि महाधमनीला पुढून ओलांडून येते. उजवीकडे शिरेत पाऊल पडलं की आयव्हीसी लगेच समोर.

इथंच घोटाळा होतो. किडनीच्या कॅन्सरची शिरेत शिरण्याची खोड सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे 'शिरेत गाठ' हे शब्द दिसले की कॅन्सर गृहीत धरून किडनी काढायची तयारी सुरू होते. साध्या एएमएलमध्ये मात्र शिरेत शिरणं म्हणजे कॅन्सर होणं नव्हे. धोका असतो, पण वेगळा: शिरेतला तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा. म्हणून ती जीभ काढायला हवी, हे बहुतेक सर्जन सांगतील. तिच्यासोबत अख्खी किडनी काढायलाच हवी का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मोठ्यानं विचारायला हवा.

पहिली पायरी: सीडी ताब्यात घ्या

रिपोर्ट म्हणजे एका माणसानं चित्र पाहून लिहिलेलं मत. दुसऱ्या सर्जनला लागतं ते मूळ चित्र. सीटी स्कॅन जिथं केलं तिथून सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, आणि त्यात सगळ्या फेजची चित्रं आहेत ना हे काउंटरवरच विचारा: शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्टचं औषध देण्याआधीची, धमन्या भरतानाची, शिरा भरल्यावरची आणि लघवीच्या मार्गात औषध उतरल्यावरची. छापील फिल्मवर निवडक चित्रंच असतात, त्यावरून शिरेतली जीभ मोजता येत नाही. जुन्या सोनोग्राफ्या असतील तर त्याही काढा. आमच्याकडे बाळंतपणाच्या वेळची सहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी कपाटात सापडली. तिच्यात त्याच जागी १.८ सेंटिमीटरचा पांढरा ठिपका नोंदलेला होता. गाठ सहा वर्षं सावकाश वाढत होती, ही एवढी माहिती त्या पिवळ्या पडलेल्या कागदानं दिली.

दुसरी पायरी: चरबी आहे की नाही, हे आकड्यात विचारा

बाकी सगळं यावर उभं आहे, म्हणून इथं जरा थांबते.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी शून्य. चरबी पाण्यापेक्षा हलकी, तिचा आकडा शून्याच्या खाली जातो. औषध न दिलेल्या चित्रात गाठीच्या आत उणे १० पेक्षा खालचे आकडे ठळक मिळाले, तर ती गाठ एएमएल असण्याची शक्यता फार मोठी.

आम्ही सीडी घेऊन ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टकडे गेलो. अंधारी खोली, दोन मोठे पडदे. त्यांनी माउसनं गाठीतल्या काळसर भागावर एक बारीक वर्तुळ ठेवलं. पडद्यावर आकडा उमटला: उणे ७४. मग ते एकेक चित्र खाली सरकवत गेले. किडनीच्या दारातून करड्या रंगाची शीर बाहेर पडताना दिसली, आणि तिच्या मधोमध करंगळीच्या पेरापेक्षा थोडी लांब एक काळी जीभ. वर्तुळ तिच्यावर नेलं: उणे ६८. "शिरेतही चरबीच आहे," ते म्हणाले. भाचेसुनेनं माझा हात धरला होता, तो तेव्हा कुठं सैल झाला.

तुम्हीही हे दोन आकडे मागा, गाठीतला वेगळा आणि शिरेतला वेगळा. कधी गाठ चरबीची असते आणि शिरेत मात्र साधी रक्ताची गुठळी असते, तेव्हा उपचाराचा विचार बदलतो.

आता सावधगिरी. साधारण पाच टक्के एएमएलमध्ये चरबी इतकी कमी असते की सीटीत ती दिसतच नाही. तिथं एमआरआय लागतो, आणि शंका राहिलीच तर सुईनं तुकडा काढून तपासतात. उलट बाजूनं, किडनीच्या कॅन्सरमध्येही अगदी क्वचित चरबी दिसते. चरबीसोबत चुन्यासारखे पांढरे कण दिसले तर सर्जन सावध होतात. आणि एएमएलचाच एपिथेलिऑइड नावाचा एक प्रकार कॅन्सरसारखा वागू शकतो. शिरेत शिरलेली गाठ, त्यात चरबी जवळजवळ नाही, भराभर वाढलेली, असं चित्र असेल तर डॉक्टर किडनी काढण्याकडे का झुकतात, ते समजून घ्या. तिथं हट्ट धरू नका.

तिसरी पायरी: जीभ कुठपर्यंत गेली आहे

डॉक्टर याला लेव्हल म्हणतात. फक्त रीनल व्हेनमध्ये असेल तर शून्य. आयव्हीसीत शिरून २ सेंटिमीटरच्या आत थांबली तर एक. त्याहून वर, पण यकृताच्या शिरांच्या खाली असेल तर दोन. यकृताच्या शिरांच्या वर, पण छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या खाली असेल तर तीन. पडद्याच्या वर, हृदयाकडे पोचली तर चार.

शून्य आणि एकमध्ये किडनी राखायची संधी सगळ्यात चांगली. दोनमध्ये अनुभवी हात लागतात. तीनमध्ये यकृत सोडवून बाजूला घ्यावं लागतं, चारमध्ये हार्ट सर्जन आणि बायपास मशीन लागू शकतं. अशा मोठ्या ऑपरेशनमध्ये किडनी राखण्याचा आग्रह बहुधा सोडावा लागतो.

लेव्हलइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट, जी रिपोर्टमध्ये सहसा लिहिलेली नसते: जीभ मुख्य शिरेत आली कुठल्या फांदीतून? किडनीच्या धमन्यांच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक बंद झाली की तिच्या वाटचा किडनीचा तुकडा मरतो. शिरांचं तसं नाही. किडनीच्या आत शिरांच्या फांद्या एकमेकींना मिळालेल्या असतात. एक फांदी बांधली तरी रक्त शेजारच्या फांदीतून बाहेर पडतं. म्हणून गाठ ज्या फांदीतून आली ती फांदी गाठीसकट काढून टाकून बाकीची किडनी जिवंत ठेवता येते. किडनी राखून हे ऑपरेशन होऊ शकतं ते शरीराच्या या रचनेमुळे. सर्जनना विचारा: "जीभ एका फांदीतून आली आहे की सगळ्या फांद्या भरल्या आहेत?"

चौथी पायरी: दोन्ही किडन्या किती काम करतात

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, हा दोन्ही किडन्यांचा मिळून हिशेब. प्रत्येकीचा वेगळा हिशेब डीटीपीए नावाच्या किडनीच्या स्कॅनमध्ये कळतो. गाठ असलेली किडनी ४० टक्के काम करत असेल तर तिला वाचवण्यासाठी मेहनत घेणं योग्यच. ती जेमतेम ८-१० टक्क्यांवर आली असेल आणि दुसरी धडधाकट असेल, तर लांबच्या ऑपरेशनचा धोका पत्करण्यात हशील नाही. आमच्याकडे उजवी ४६ टक्के निघाली. मग आमचं मन पक्कं झालं.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सीटीच्या औषधाआधी डॉक्टरांना सांगा. आणि दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नका. किडनीला ती गोळी महागात पडते.

पाचवी पायरी: ट्युबरस स्क्लेरोसिस नाही ना

वय कमी, दोन्ही किडन्यांत गाठी, किंवा एकाच किडनीत अनेक गाठी असतील तर ही तपासणी टाळू नका. गालांवर लहानपणापासूनच्या लालसर पुळ्या, अंगावर पानाच्या आकाराचे पांढुरके डाग, नखाच्या कडेला मांसाचे कोंब, लहानपणी आलेल्या फिट्स, या खुणा डॉक्टर बघतात. मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी आणि बायकांमध्ये छातीचा सीटी सांगितला जातो. हा आजार निघाला तर किडनी राखणं आणखी महत्त्वाचं, कारण दुसऱ्या किडनीतही गाठी येत राहतात. तिथं एव्हेरोलिमस नावाची रोज घ्यायची गोळी आहे. या आजारातल्या किडनीच्या गाठींसाठी अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. तिनं गाठी आक्रसतात, पण तोंड येतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि जखमा उशिरा भरतात, म्हणून ऑपरेशनआधी ती थांबवावी लागते. किती दिवस आधी, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

सहावी पायरी: कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं

बडोद्यात किडनी म्हटलं की मोठी माणसं नडियादचं नाव घेतात. तासाभराच्या अंतरावर मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून उभं आहे. शहरात सयाजी हॉस्पिटल आहे, खासगी युरॉलॉजिस्टही पुष्कळ. मी कोणा एकाचं नाव घ्या असं सांगणार नाही. जिथं जाल तिथं या चार गोष्टी एका छताखाली आहेत का, एवढं बघा: अर्धवट किडनी काढण्याची, म्हणजे पार्शियल नेफ्रेक्टॉमीची नेहमीची सवय असलेला सर्जन, शिरा शिवणारा व्हॅस्क्युलर सर्जन हाकेच्या अंतरावर, धमनीतून जाऊन रक्तस्राव थांबवणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, आणि रक्तपेढी.

प्रश्न कागदावर लिहून न्या. तिथं घशाला कोरड पडते, काही आठवत नाही. आमच्या कागदावर हे होतं: "किडनी राखता येईल का? नसेल तर नेमकं कशामुळे? असं शिरेतलं ऑपरेशन तुम्ही किंवा तुमच्या टीमनं केलं आहे का? पोट उघडून करणार की दुर्बिणीतून की रोबोटनं, आणि का? आत गेल्यावर किडनी काढावी लागण्याची शक्यता किती?" ज्या डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सीडी लावून, पडद्यावर बोट ठेवून दिलं, त्यांच्याकडे आम्ही ऑपरेशन केलं. आधीच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. अशी केस त्यांच्यासमोर कदाचित पहिल्यांदाच आली असेल. पण दुसरं मत घेतलं म्हणून कोणाचा अपमान होत नाही, हे घरातल्या पुरुष मंडळींना मला दोन दिवस समजवावं लागलं.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड आधीच बाहेर काढा. ही योजना देशात २०१८ साली आली, आणि गुजरातची त्याआधीची २०१२ पासूनची 'मा' योजना तिच्यात मिळवली गेली. गुजरातमध्ये २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचं कवच आहे. भरती होण्याआधी हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर जाऊन हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. भरती झाल्यावर मंजुरीसाठी धावपळ करण्यापेक्षा हे सोपं जातं.

थांबायचं नाही अशी वेळ

तारीख मिळेपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात कुशीत अचानक असह्य कळ, चक्कर, दरदरून थंड घाम, लाल लघवी, किंवा एकाएकी धाप आणि छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर १०८ लावा आणि जाताना सीडी सोबत घ्या. कळ आणि चक्कर ही गाठीतून रक्त वाहण्याची खूण असू शकते. धाप ही तुकडा फुप्फुसात गेल्याची असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सुरू करू नका आणि चालू असलेली बंदही करू नका. शिरेत गुठळी आहे म्हणून पातळ करावं, तर गाठ फुटायचा धोका. हा तोल डॉक्टरांनीच सांभाळायचा असतो. या दिवसांत जड बादल्या उचलणं, स्कूटरवरून खड्ड्यांतून जाणं टाळा.

काही ठिकाणी ऑपरेशनआधी धमनीतून औषध किंवा कण सोडून गाठीचं रक्त तोडतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. नुसत्या मोठ्या गाठीत, विशेषतः रक्त वाहत असेल तेव्हा, ते फार उपयोगी. शिरेत जीभ असताना मात्र करावं की नाही, यावर सर्जनांची मतं वेगवेगळी आहेत. केलं तर पुढचे दोन-तीन दिवस ताप, उलट्या, कुशीत दुखणं अपेक्षित असतं. घाबरू नका, पण सांगत राहा.

सातवी पायरी: ऑपरेशन, आत काय घडतं

भाचेसुनेच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर होते. आत काय चाललं असेल ते मात्र डोळ्यांसमोर होतं, कारण नोकरीत असं एक ऑपरेशन मी हातात अवजारं देत पाहिलं आहे.

भूल दिल्यावर मानेजवळ एक नळी आणि मनगटाच्या धमनीत एक बारीक नळी घालतात, रक्तदाब क्षणाक्षणाला दिसावा म्हणून. जीभ आयव्हीसीत असेल तर अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी चालू ठेवतात, तुकडा वर सरकला तर लगेच दिसतो.

पोट उघडल्यावर पहिला नियम: गाठीला हात लावायचा नाही. आधी रक्तवाहिन्या. सर्जन धमनी शोधून तिच्याभोवती लाल रबरी दोरी फिरवतात, शिरेभोवती निळी. जीभ आयव्हीसीत असेल तर तिच्या वर, खाली आणि दुसऱ्या किडनीच्या शिरेभोवतीही दोऱ्या तयार ठेवतात. मग निर्जंतुक पिशवीत घातलेलं सोनोग्राफीचं छोटं प्रोब थेट शिरेवर ठेवून जिभेचं टोक कुठं आहे ते शोधतात. त्या टोकाच्या पलीकडे चिमटा लावायचा असतो. अलीकडे लावला तर तुकडा तुटून पुढे जाईल. थिएटरमध्ये अशा वेळी कोणी बोलत नाही.

धमनीवर बुलडॉग नावाचा छोटा चिमटा बसला की भिंतीवरचं घड्याळ सुरू. रक्त थांबलेली किडनी कोमट राहिली तर साधारण २५-३० मिनिटांच्या आत काम संपवावं, असा सर्जनांचा प्रयत्न असतो. काम लांबणार असेल तर किडनीभोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा भरून दहा मिनिटं थांबतात. थंड किडनी बराच अधिक वेळ सोसते. तो बर्फ आम्ही आदल्या दिवशीपासून तयार ठेवायचो. टेबलावर तो वितळू नये म्हणून लोखंडी भांड्याखाली दुसरा बर्फ ठेवायचा, ही आमच्या जुन्या सिस्टरांची शिकवण.

नंतर शीर थोडीशी चिरली जाते. मी पाहिलं त्या दिवशी चिरेतून पिवळसर, गुळगुळीत टोक दिसलं, आणि सर्जननी दोन बोटांनी हलकंच खालून वर रेटल्यावर ती जीभ अख्खी, न तुटता, ताज्या लोण्याच्या वळीसारखी बाहेर घसरली. साध्या एएमएलची जीभ बहुधा शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते. कॅन्सरचं तसं सांगता येत नाही. मग गाठ आणि ती जिच्यातून आली ती फांदी काढली जाते. काही सर्जन गाठ आधी सोडवतात आणि जीभ तिच्यासोबत एकसंध ओढून घेतात. दोन्ही रीती चालतात.

यानंतर शिवण. किडनीच्या आतली लघवी गोळा होणारी पोकळी उघडी पडली असेल तर ती बारीक विरघळणाऱ्या धाग्यानं बंद होते. शीर हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) पाण्यानं धुऊन केसाएवढ्या निळ्या प्रोलीनच्या धाग्यानं शिवतात, आणि शेवटचे टाके घालण्याआधी आतली हवा व बारीक गुठळ्या बाहेर पडू देतात. किडनीचा खड्डा मोठ्या टाक्यांनी ओढून घेतात. चिमटे सोडताना आधी शिरेचा, मग धमनीचा. उलट केलं तर रक्त आत येईल पण बाहेर जायला वाट नसेल. धमनी सुटली की फिकट, राखाडी पडलेली किडनी काही क्षणांत गुलाबी होते. इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिलं, पण ते दृश्य पाहताना दर वेळी माझा श्वास अडकायचा.

संमतीपत्रावर 'गरज पडल्यास किडनी काढणे' असं लिहिलेलं असेल, आणि ते असायलाच हवं. आत गेल्यावर जीभ भिंतीत रुजलेली निघाली, रक्त आवरेना, किंवा तुकडा संशयास्पद वाटला, तर किडनी काढणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो. सही करण्यापूर्वी हे पेशंटला स्वतःला सांगा, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा कळता कामा नये.

आठवी पायरी: हॉस्पिटलातले दिवस

कुशीतल्या ड्रेनच्या, म्हणजे आत साठलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीकडे रोज लक्ष ठेवा: रंग आणि माप. लालसर पाणी हळूहळू फिकट होत गेलं पाहिजे. अचानक पाण्यासारखं पुष्कळ येऊ लागलं तर ती लघवी असू शकते. त्या पाण्यातलं क्रिएटिनिन तपासलं की कळतं. अशी गळती बहुधा थांबते, कधी लघवीच्या वाटेत डबल-जे स्टेंट नावाची बारीक नळी घालावी लागते. क्रिएटिनिन पहिले दोन-तीन दिवस थोडं वर जातं आणि मग उतरायला लागतं. आमचं ०.८ वरून १.२ वर गेलं, तेव्हा भाचा रात्रभर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होता. चौथ्या दिवशी ते १.० वर आलं.

पेशंटला डॉक्टरांनी परवानगी दिली की उठवून चालवा. पायातल्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हे फार गरजेचं. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं दिसलं तर सिस्टरला लगेच सांगा.

नववी पायरी: घरी

आठ-पंधरा दिवसांनी, सगळं ठीक चाललेलं असताना, लघवी एकदम लालभडक झाली तर वाट बघू नका. शिवलेल्या जागी धमनीला फुगा आला असू शकतो. तो धमनीतून जाऊन बंद करता येतो, त्यासाठी पुन्हा पोट उघडावं लागत नाही. ताप, जखमेतून पाणी, कुशीत वाढती कळ, यांनाही थांबायचं नाही. साधारण सहा आठवडे जड काही उचलू नका. भरलेला कुकर, पाण्याचा हंडा, दोन वर्षांचं मूल, हे सगळं जडच.

खाण्याबद्दल लोक हजार सल्ले देतील. वेगळं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर साधं घरचं जेवण, मीठ बेताचं, पाणी पुरेसं. बडोद्याचा लीलो चिवडा आणि सेव-उसळ काही दिवस दूर ठेवा, मिठासाठी.

हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट आल्याशिवाय फाइल बंद करू नका. त्यात एचएमबी-४५ आणि मेलन-ए या तपासण्या पॉझिटिव्ह असणं एएमएलची खूण. 'एपिथेलिऑइड' हा शब्द आहे का, आणि असेल तर किती भाग, हे मुद्दाम विचारा, कारण त्यावर पुढचे स्कॅन किती लवकर करायचे ते ठरतं. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कुठं आहेत, त्यांचा नंबर काय, ते लिहून घ्या.

पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तशी. सहसा पहिला स्कॅन तीन ते सहा महिन्यांत, मग वर्षाला एकदा, सोबत क्रिएटिनिन आणि रक्तदाब. ट्युबरस स्क्लेरोसिस असेल तर हे आयुष्यभर. पुन्हा मूल हवं असेल तर ते आधी युरॉलॉजिस्टना सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वीही विचारा, या गाठी त्या संप्रेरकाला प्रतिसाद देतात.

भाचेसुनेच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी एकच तक्ता आखून दिला आहे: तारीख, क्रिएटिनिन, रक्तदाब, स्कॅनमध्ये काय दिसलं. तीन ओळी भरल्या आहेत. चौथीची तारीख तिनं स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे, नवरात्राच्या आधीच्या आठवड्यातली.